कारण कळलं, तरी फोन उचलवत नाही

(आलेलं पत्र, थोडं कापून)

‘माझं वय ३६. नोकरी चांगली आहे, घरी सगळं ठीक आहे. अडचण ऐकायला फालतू वाटेल: मला फोन उचलता येत नाही. रिंग वाजली की पोटात खड्डा पडतो. मी आवाज बंद करते आणि स्क्रीन काळी होईपर्यंत तिच्याकडे बघत बसते. मग दहा मिनिटांनी मेसेज टाकते, “मीटिंगमध्ये होते, काही अर्जंट?” रविवारीसुद्धा.

याचं कारण मला माहीत आहे. मी लहान असताना बाबांनी बऱ्याच जणांकडून पैसे उचलले होते. त्यांचे फोन यायचे. बाबा मला किंवा ताईला फोन घ्यायला लावायचे आणि “बाबा घरी नाहीत” असं सांगायला लावायचे. बाबा समोर खुर्चीत बसलेले असायचे. एकदा पलीकडचा माणूस म्हणाला, “खोटं बोलायला शिकवलंय वाटतं तुला.” मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

गेल्या तीन-चार वर्षांत मानसशास्त्रावरची मिळतील ती पुस्तकं वाचली, व्याख्यानं ऐकली. इनर चाइल्ड, ट्रॉमा, अटॅचमेंट, सगळं झालं. माझ्याबद्दल मला तासभर बोलता येईल. “२१ दिवसांत नवी सवय” हेही दोनदा केलं, एकदा सहाव्या दिवशी मोडलं, एकदा नवव्या. आता ताईने फोन करणंच सोडलंय. तिचा शेवटचा मेसेज होता, “तुला वेळ असेल तेव्हा तूच कर.” त्याला सात आठवडे झाले. मानसशास्त्र माणसाला खरंच बदलतं का, की नुसतं समजावून सांगतं? आणि ताईला खरं सांगू का?

– एक मिस्ड कॉल’

प्रिय मिस्ड कॉल,

रविवारच्या मीटिंगवर मी मोठ्याने हसले. रागावू नका. ते वाक्य तुम्ही हसवायलाच लिहिलंय, आणि स्वतःच्या भीतीची थट्टा करता येणाऱ्या माणसाशी मला जरा सरळ बोलता येतं.

आधी माझी हुशारी दाखवून घेते. तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. नवव्या वर्षी तुम्ही म्हणत होतात, ‘बाबा घरी नाहीत.’ बाबा समोर बसलेले. आज तुम्ही लिहिता, ‘मीटिंगमध्ये होते.’ फोन तुमच्या हातात. वाक्य तेच आहे, माणूस तेवढा बदललाय. तेव्हा बाबांना लपवत होतात, आता स्वतःला लपवताय. आणि पलीकडून कुणी ‘खोटं बोलतेस’ म्हणेल ही भीती आज अगदीच निराधार राहिलेली नाही, कारण तुम्ही रोज एकदा तरी खरंच खोटं बोलताय.

कसं वाटलं? ‘अगदी बरोबर!’ असं झालं असेल, कदाचित घशाशी काही आलंही असेल. आता सांगा, या क्षणी फोन वाजला तर उचलाल?

मलाही नाही वाटत.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं. कारण सापडणं आणि वागणं बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एक झालं म्हणजे दुसरं आपोआप होतं असं नाही. तसं व्हायला हवं असं मात्र आपल्याला सगळ्यांनाच वाटतं. गाठीचं टोक सापडलं की गाठ सुटलीच, अशी आपली समजूत. मनोविश्लेषणाची सुरुवात करणाऱ्या फ्रॉइडच्या काळापासून ही समजूत इतकी रुजली आहे की मानसशास्त्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोचावर पडून बालपण आठवणारा माणूसच येतो.

पण कोचाशेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या काहींनाच पुढे याची शंका येऊ लागली. अ‍ॅरन बेक हे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मुळात मनोविश्लेषक होते. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हा सिद्धान्त खरा ठरवायला म्हणून ते रुग्णांची स्वप्नं तपासायला बसले. रागाऐवजी त्यांना तिथे हरल्याची, काहीतरी गमावल्याची चित्रं दिसत राहिली. मग त्यांच्या लक्षात आलं की रुग्ण बोलत असतो त्याच वेळी त्याच्या मनात दुसरी एक कुजबुज चालू असते: ‘मी कंटाळवाणं बोलतेय’, ‘डॉक्टरांना माझा वैताग आलाय.’ ही कुजबुज बालपणीची नव्हती, आत्ताची होती, आणि म्हणूनच ती तपासता येत होती. १९६० च्या दशकात यातूनच आजच्या बोधात्मक उपचारपद्धतीचा (कॉग्निटिव्ह थेरपी), म्हणजे आत्ताचे विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीचा, पाया घातला गेला. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने थोडं आधी, १९५० च्या दशकातच मनोविश्लेषण सोडलं होतं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की भूतकाळात काय घडलं यापेक्षा त्यातून काढलेला निष्कर्ष तुम्ही आजही मनाशी घोकताय, दुखणं त्यात आहे.

तुमच्या कारणात आणखी एक भोक आहे, आणि ते तुम्हीच पत्रात दाखवलंय. ताईसुद्धा त्याच घरात वाढली. तिनेही तेच फोन घेतले, तेच वाक्य म्हटलं. आणि ती फोन करते! तुम्ही उचलत नाही हे कळूनही करत राहिली, सात आठवड्यांपूर्वीपर्यंत. बालपणाने तुमची भीती कुठून आली असेल ते समजतं. ती आज, ३६ व्या वर्षी, कशावर तगून आहे ते त्यातून समजत नाही. आग काडीने लागली हे कळलं, पण काडी तर कधीच जळून गेली. आता तिच्यात लाकडं कोण टाकतंय ते बघायला हवं.

ते बघायला फार खोल जावं लागत नाही. पाच सेकंद पुरतात.

पहिली रिंग. छातीत ठोका चुकतो. दुसरी रिंग, तुम्ही नाव वाचता. तिसऱ्या रिंगला मनात एक वाक्य येऊन जातं, बहुतेक इतक्या वेगाने की ते वाक्य आहे हेही जाणवत नाही: ‘आता काहीतरी विचारणार आणि माझी बोबडी वळणार.’ अंगठा बाजूच्या बटणावर जातो. आवाज बंद. आणि लगेच पुढच्या क्षणी खांदे खाली येतात, रोखलेला श्वास सुटतो. हुश्श.

सगळा खेळ त्या ‘हुश्श’चा आहे.

मेंदूच्या हिशोबात ते बक्षीस असतं. एखादी गोष्ट केल्यावर त्रास थांबला की ती गोष्ट पुन्हा करावीशी वाटते. पाठ्यपुस्तकात याला ‘ऋण प्रबलन’ असं जडजंबाल नाव आहे. (लोक याचा अर्थ शिक्षा असा घेतात. उलट आहे. शिक्षेने वागणं कमी होतं, याने ते पक्कं होतं.) होबार्ट मावरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४७ साली भीतीचं गणित दोन पायऱ्यांत मांडलं: भीती जडते ती कशाशी तरी जोडी जमल्यामुळे, आणि टिकते ती टाळल्यामुळे. पहिली पायरी तुम्ही नऊ वर्षांच्या असताना घडली. दुसरी काल संध्याकाळी घडली असेल.

टाळण्याचा आणखी एक तोटा आहे, आणि तो जास्त महाग पडतो. टाळलं की काय झालं असतं ते कधीच कळत नाही. तुमच्या डोक्यात न उचललेला प्रत्येक फोन वाईटच होता. ताईने शेवटचा फोन कशासाठी केला होता? तुम्हाला माहीत नाही. मनात मात्र ती रागावून बोलून मोकळी झालेली आहे, आणि तुम्हीही तिला कधीच उत्तर देऊन, रडून मोकळ्या झाला आहात. एका न झालेल्या संभाषणाचा पुरावा जमा होत गेला आहे.

आणि तो मेसेज? तो कुबडी आहे. पॉल साल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९१ साली अशा वागण्याकडे लक्ष वेधलं. घाबरलेला माणूस संकट टळावं म्हणून बारीकसारीक तजवीज करत राहतो, संकट येत नाही, आणि त्याचं श्रेय तो त्या तजविजीला देतो. ‘मेसेज टाकला म्हणून निभावलं.’ तुमच्या आणखी दोन-तीन कुबड्या मी न विचारता सांगू शकते. फोन करायच्या आधी वाक्य कागदावर लिहून काढणं. समोरचा उचलणार नाही अशी वेळ शोधून फोन करणं, म्हणजे ‘मी केला होता’ असं म्हणता येतं. फोन कायम सायलेंटवर. चुकत असेन तर कळवा.

कुबड्यांविषयी मी इतक्या खात्रीने बोलते कारण माझीही एक होती. काही वर्षांपूर्वीपर्यंत चार लोकांसमोर बोलायला उभी राहिले की माझे हात कापायचे. त्यावर उपाय म्हणून मी समोरचं लाकडी स्टँड दोन्ही हातांनी घट्ट धरून बोलायची. कागद उलटायची वेळ येऊ नये म्हणून सगळं पाठ करायची. आणि त्याच काळात दुसऱ्यांना ‘भीतीला सामोरे जा’ असं शिकवत होते, हे आठवलं की आजही कानाची पाळी गरम होते. एका सहकाऱ्याने माझं भाषण चित्रित केलं. दाखवण्याआधी त्याने माझ्याकडून लिहून घेतलं, काय दिसेल? मी लिहिलं, ‘हात थरथरतील, मान लाल होईल, लोक एकमेकांकडे बघतील.’ मग चित्रफीत लावली. थरथर कुठेच दिसत नव्हती. दिसत होती ती बुडत्या नावेची कड धरावी तशी स्टँड धरून उभी असलेली एक बाई. दुखणं झाकलेलं होतं, लोकांना दिसत होता तो त्यावरचा उपाय.

तुमच्या बाबतीतही तसंच झालंय असं मला वाटतं. फोनवर तुम्ही अडखळता हे कदाचित कुणाच्या ध्यानातही आलं नसेल. रविवारची मीटिंग मात्र सगळ्यांच्या ध्यानात आली आहे.

आपण किती दिसतो याचा आपला अंदाज फार फुगलेला असतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावायचा आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं. बाहेर आल्यावर विचारायचं, शर्टावर कोण होतं हे किती जणांना सांगता येईल? अंदाज यायचा जवळजवळ निम्म्यांचा. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांनाच सांगता यायचं. बाकीचे आपापल्या शर्टाच्या काळजीत असणार.

आता कामाचं बोलू. मेंदू भीती सोडतो ती बहुतेक वेळा पटवून नव्हे, खोटी ठरवून. ‘घाबरण्यासारखं काही नाही’ हे तुम्ही स्वतःला हजारदा सांगितलं असेल. आता मेंदूला सांगायचं नाही, त्याच्याकडून भाकीत वदवून घ्यायचं आणि मग ते तपासायचं.

यातला माझा आवडता किस्सा एलिस यांचाच आहे. त्यांनी स्वतःच सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, १९ वर्षांचे असताना ते मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. मग त्यांनी स्वतःलाच गृहपाठ दिला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटाभरात बोलायला सुरुवात करायची. सव्वाशेहून जास्त जणींशी बोलण्याचा प्रयत्न झाला. तिसेक जणी उठून गेल्या. उरलेल्या शंभरेक जणींशी गप्पा झाल्या. पुन्हा भेटायला फक्त एकीने होकार दिला, आणि तीही आली नाही! तरी हा प्रयोग यशस्वी झाला, कारण ज्याची भीती होती त्यातलं काहीच घडलं नाही. कुणी किंचाळलं नाही, कुणी पोलिस बोलावले नाहीत. नकार मिळाला की काय होतं, तर नकार मिळतो, बाकी काही नाही. आज कुणी हा प्रयोग जसाच्या तसा करू नये, बाकावर एकट्या बसलेल्या बाईलाही तिची शांतता असते. पण त्याचा सांगाडा उत्तम आहे.

तो सांगाडा तुमच्यासाठी असा. एक साधी वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘भाकीत’, उजवीकडे ‘झालं काय’. फोन करायच्या किंवा घ्यायच्या आधी डावीकडे एक वाक्य लिहा, आणि ते घडेल याची शंभरात किती खात्री वाटते तो आकडा. वाक्य असं हवं की खोटं ठरू शकेल. ‘मला वाईट वाटेल’ हे चालणार नाही, वाईट तर वाटतंच. ‘मी पहिल्या मिनिटात गप्प होईन आणि समोरचा “हॅलो, हॅलो” करत राहील’, हे चालेल. ‘समोरचा म्हणेल, तू खोटं बोलतेस’, हे तर फारच चांगलं. फोन झाल्यावर लगेच उजवी बाजू भरा. बोलणं किती मिनिटं झालं, पहिलं वाक्य काय होतं, भाकितातलं काय घडलं. मत नको, नोंद हवी. पोलिसाच्या पंचनाम्यासारखी.

सुरुवात ताईपासून करू नका. इथे मला मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स आठवतात. १९२० साली जॉन वॉटसन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकारी रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाच्या मागे लोखंडी कांबीवर हातोडा आपटून आपटून त्याच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती निर्माण केली. तो क्रूर प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असतो. त्या बाळाची भीती घालवायची तसदी कुणी घेतली नाही. १९२४ मध्ये जोन्सबाईंनी पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. तो सशाला घाबरायचा. बाईंनी काय केलं, पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात आणला. पुढच्या खेपेला थोडा जवळ. मग आणखी जवळ. कधी एक पाऊल मागेही जावं लागलं. शेवटी पीटरने सशाला स्वतःची बोटं कुरतडू दिली. भीती लावणारा घरोघरी माहीत, घालवणारी तळटिपेत. आमच्या विषयाची ही जुनी खोड आहे.

तुमचा ससा खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा तर पहिला फोन अशा कुणाला करा ज्याला तुमचं नावही माहीत नाही. कुठलीही चौकशीची लाइन चालेल, एक प्रश्न विचारायचा, आभार मानायचे, ठेवायचा. असे चार-पाच. मग ज्या सहकाऱ्याशी तुमचं जमतं त्याला स्वतःहून, दोन मिनिटांचा. मग येणारे फोन. येणारे जास्त कठीण, कारण वेळ तुमच्या हातात नसते. त्यासाठी फोन सायलेंटवरून काढावा लागेल, त्याला इलाज नाही. मधली एखादी पायरी गाळली तरी हरकत नाही, क्रम काही दगडावर कोरलेला नाही.

येणाऱ्या फोनसाठी एक युक्ती आहे, आणि तिच्यामागे बराच अभ्यास आहे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली दाखवून दिलं की ‘मी फोन उचलत जाईन’ अशा नुसत्या निश्चयापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करायचं’ असं बांधून ठेवलेलं वाक्य जास्त कामाला येतं, कारण मग ऐन वेळी निर्णय घ्यावा लागत नाही, खूण दिसली की कृती होते. तुमचं वाक्य: ‘दुसरी रिंग वाजली की हिरवं बटण, आणि तोंडातून एकच शब्द, “बोला.”’ पुढचं काही ठरवू नका. पुढचं ठरवायला गेलात की कुबडी आलीच.

धडधड थांबेल आणि मग उचलेन, असं करू नका. धडधडत्या छातीनेच उचलायचा आहे. छाती नंतर ऐकते.

आणि एखाद्या दिवशी, सगळं छान चाललेलं असताना, भीती पहिल्यासारखी परत येईल. त्याची तयारी ठेवा. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतलं हे जुनं निरीक्षण आहे. आवाज झाला की खाणं येतं हे शिकलेल्या कुत्र्याला नुसताच आवाज ऐकवत राहिलं की त्याची लाळ हळूहळू थांबायची, पण मध्ये थोडा काळ जाऊ दिला आणि तोच आवाज ऐकवला की लाळ पुन्हा सुटायची. जुनी शिकवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी शिकवण बसते आणि दोघींची ओढाताण चालते. थकलेल्या दिवशी, अनोळखी नंबरवर, जुनी जिंकते. त्या दिवशीही वहीत नोंद करायची.

यावरून तुमच्या २१ दिवसांकडे येते. तो आकडा सवयींच्या कुठल्याच अभ्यासातून आलेला नाही. १९६० सालच्या एका पुस्तकात मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना ‘कमीत कमी’ २१ दिवस लागतात. पुढे ते ‘कमीत कमी’ गळालं आणि आकडा एकटाच जगभर फिरला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या बारा आठवड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोजची एखादी छोटी गोष्ट अंगवळणी पडायला लागणारा मधला अंदाज निघाला ६६ दिवसांचा, आणि माणसागणिक फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. तुमच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची ओळ वेगळीच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. सहाव्या दिवशी तुमची सवय मोडली नव्हती. एक दिवस चुकला होता, आणि तुम्ही दुकान बंद केलंत.

हे सगळं सांगताना प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, कारण तुम्ही वाचणाऱ्या आहात, आज ना उद्या तुमच्यासमोर येईलच. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के ‘यशस्वी’ होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच तसे निघाले. इच्छाशक्ती स्नायूसारखी थकते, हे वर्षानुवर्षं शिकवलं गेलेलं तत्त्व २०१६ साली वीसहून जास्त प्रयोगशाळांनी मिळून तपासलं, तेव्हा हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. म्हणून पुस्तकांच्या दुकानातल्या मानसशास्त्राकडे मी जरा डोळे बारीक करून बघते. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचं तसं नाही. ते इतक्या ठिकाणी, इतक्या वेगवेगळ्या भीतींवर तपासलं गेलंय की त्यावर मी माझा हात ठेवायला तयार आहे. तुम्ही वाचलेल्या पुस्तकांत ते नक्की असणार. तुम्ही ते वाचलंतही असणार. वाचून पुस्तक मिटलं की जे ‘हुश्श’ होतं, तेही त्याच जातीचं आहे, एवढं लक्षात असू द्या. फोन न उचलण्यावरची पुस्तकं वाचणं हाही फोन न उचलण्याचा एक प्रकार होऊन बसतो. महिनाभर वाचन बंद ठेवा, माझं सदरसुद्धा.

एक मात्र बघा. भीती फोनपुरतीच आहे ना? लोकांत जाणं, जेवताना कुणी बघणं, नवं काम अंगावर घेणं, अशा गोष्टीही एकेक करून सुटत चालल्या असतील, झोप उडाली असेल, जगण्यातच रस उरला नसेल, तर वहीवर विसंबू नका. बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी) करणाऱ्या प्रशिक्षित मानसतज्ज्ञाकडे जा. पहिल्या भेटीत सरळ विचारा, ‘आपण फक्त बोलणार आहोत की मला काही करायलाही लावणार आहात?’ करायला लावणारा निवडा.

आता ताई.

तिच्या बाजूने एकदा बघा. तिला काय दिसतं? धाकटी बहीण फोन उचलत नाही, दहा मिनिटांनी कोरडा मेसेज टाकते, तोही खोटा, रविवारी. यावरून ती काय निष्कर्ष काढेल? ‘हिला माझी किंमत राहिली नाही.’ दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण ते त्याच्या स्वभावावर घालतो. या खोडीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली ‘मूलभूत’ चूक म्हटलं, इतकी ती सर्रास होते. ताईला तुमचा अंगठा आणि ते बटण दिसलेलं नाही. आणि तुम्हीही तेच करताय. ‘तूच कर’ यात तुम्हाला राग ऐकू येतो. मला त्यात थकवा ऐकू येतो, आणि थोडी वाटही पाहणं. आपल्यातलं कोण बरोबर आहे ते सांगू शकणारं माणूस एकच आहे.

खरं सांगू का, असं विचारलंत. हो. पण बालपणाचं सगळं पुराण नको, ते तिला तुमच्याहून चांगलं ठाऊक आहे. ती तुमच्याआधीपासून त्या फोनपाशी उभी होती. शिवाय ते सांगायला बसलात की पुन्हा कारणांचीच सभा भरेल. आणि फोनवर सुरुवात जमणार नसेल तर आधी मेसेज पाठवलेला चालेल, फक्त यावेळी तो फोनऐवजी नको, फोनच्या आधी हवा, आणि त्यात वार आणि वेळ हवी. वहीत भाकीत लिहून ठेवा. मग हे पाठवा, किंवा तुमच्या शब्दांत असंच काही:

‘ताई, त्या दिवशी मी मीटिंगमध्ये नव्हते. फोन हातातच होता. मला फोन उचलायची भीती वाटते, सगळ्यांचेच. शनिवारी सकाळी दहाला मी तुला फोन करते. मला बोलणं सुचलं नाही तर तू बोल.’